सेकंडहँड केमन घ्यायचीय: पिवळे कॅलिपर की लाल?

पौडरोडकर | शनिवार, रात्री १०.४२

मंडळी, पैसे साठवून आणि घरच्यांना पटवून (निम्मंच पटलंय) शेवटी पोर्शे ७१८ केमन एसवर येऊन थांबलोय. पेट्रोल ७१८ चं उत्पादन २०२५ मध्ये बंद झालं, त्यामुळे सेकंडहँडच बघतोय. पुण्यात दोन गाड्या पाहिल्या. दोन्ही पीडीके (पोर्शेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स), वय जवळपास सारखं, किलोमीटरही उन्नीस-बीस. एकीचे कॅलिपर (ब्रेकच्या डिस्कला चिमट्यासारखे धरणारे भाग) लाल, म्हणजे साध्या स्टीलच्या डिस्क. दुसरीचे पिवळे, म्हणजे सिरॅमिक. पिवळीला सहा लाख जास्त सांगतायत. एजंट म्हणतो, नवी घेताना या ऑप्शनलाच याहून जास्त गेले होते, तुम्हाला फुकटात पडतंय.

माझा वापर असा: रविवारी पहाटे ताम्हिणी किंवा पाचगणी, नाश्ता करून परत. कधीमधी बावधनहून बाणेरला ऑफिसला. पावसाळ्यात गाडी बहुतेक कव्हरखाली. वर्षातून एकदा कोइमतूरला ट्रॅक डे (रेसच्या ट्रॅकवर आपलीच गाडी पळवायची) करायची इच्छा आहे, अजून केलेला नाही.

सहा लाख जास्त मोजावेत का? आणि सिरॅमिकने गाडी खरंच लवकर थांबते का? दोन्ही गाड्यांचे फोटो टाकतोय. नंबर प्लेट झाकल्यात, त्यावरून विनोद नकोत.

अल्टोवाला | शनिवार, रात्री १०.५५

आमची अल्टो ब्रेक दाबला की थांबते, कधीकधी न दाबताही थांबते. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

लोणावळा_लोकल | शनिवार, रात्री ११.१०

डोळे मिटून सिरॅमिक. एफ-वनमध्ये तेच असतं. सहा लाखांत एफ-वनचे ब्रेक मिळत असतील तर विचार कसला करता?

बीडकाम | रविवार, सकाळी ७.३०

लोणावळाशेठ, नाही हो. एफ-वनच्या डिस्क कार्बन-कार्बनच्या असतात, तो निराळा माल. त्या तापल्याशिवाय धरतच नाहीत, घरातून निघून चांदणी चौकात पहिला ब्रेक मारलात तर हात जोडायची वेळ येईल. रस्त्यावरच्या गाडीत येतं ते कार्बन-सिरॅमिक. पोर्शेने ते २००१ मध्ये ९११ जीटी२ वर आणलं. फेरारी २००८ पासून सगळ्याच गाड्यांवर देते.

मी ओतकामातला माणूस, म्हणून जरा पसरट लिहितो, सहन करा.

ज्याला आपण स्टील डिस्क म्हणतो ती बिडाची असते, राखाडी बिडाची. त्यात ग्रॅफाइटच्या पापड्या असतात. त्या उष्णता वाहून नेतात आणि कंपन गिळतात, म्हणून बिडाची डिस्क सहसा गुमान काम करते. स्वस्त पडते, लेथवर घासता येते, कोल्हापुरापासून भोसरीपर्यंत असलं ओतकाम रोज चालतं. दोष दोनच: जड असते आणि गंजते.

सिरॅमिक डिस्क बनवायची तऱ्हाच वेगळी. कार्बनचे बारीक कापलेले धागे राळेत मिसळून साच्यात दाबायचे. हवा लागू न देता हजारेक अंशांपर्यंत तापवायचं, म्हणजे राळेचा कोळसा होतो. मग वितळलेलं सिलिकॉन त्यात जिरवायचं. सिलिकॉन १,४१४ अंशांना वितळतं, म्हणजे भट्टी त्याच्याही वर. ते कार्बनशी मिळून सिलिकॉन कार्बाइड होतं. टणकपणात हे हिऱ्याच्या पंगतीतलं, पण टणक म्हणजे चिवट नव्हे, हे लक्षात ठेवा, पुढे कोणीतरी यावर बोलेलच. ब्रेम्बो (इटलीची ब्रेक कंपनी) आणि एसजीएल (जर्मनीची कार्बन कंपनी) यांनी २००९ मध्ये या डिस्कसाठी एकत्र कंपनी काढली, कारखाने इटलीत स्टेझानोला आणि जर्मनीत मायटिंगेनला. (ब्रेम्बो आपल्या चाकणलाही आहे, पण तिथे दुचाकींचे ब्रेक होतात. चाकणच्या मित्राकडून सिरॅमिक डिस्क स्वस्तात मिळवण्याचं स्वप्न कोणी बघत असेल तर आत्ताच सोडा.)

बिडाची घनता ७.२ च्या आसपास, सिरॅमिकची २.४ च्या. डिस्क आकाराने मोठी करावी लागते, तरीही वजन साधारण निम्मं. हे वजन स्प्रिंगच्या खालचं, आणि फिरणारं. म्हणून स्टिअरिंग हलकं वाटतं, खड्ड्यातून चाक लवकर सावरतं. पुण्यात खड्ड्यांचा पुरवठा मुबलक असल्याने हा फायदा कागदावरचा नाही.

नारायणपेठी | रविवार, सकाळी ९.०५

मजजवळ चारचाकी नाही, घेण्याचा विचारही नाही. परंतु आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवले, म्हणून दोन शब्द.

मूळ प्रश्न "लवकर थांबते का" असा आहे. गाडी डिस्क थांबवत नाही, टायर थांबवतो. ब्रेक दाबल्यावर एबीएस (चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) थरथरू लागले म्हणजे ब्रेकचा जोर टायरच्या पकडीपुढे गेला. तिथून पुढे डिस्क बिडाची असो वा सोन्याची, अंतर तेच. पौड फाट्यावर रिक्षा आडवी आली तर तुमच्या दोन्ही गाड्या एकाच जागी थांबतील. रिक्षावाला दोन्हींकडे सारखाच रागाने बघेल.

फरक पडतो तो उष्णतेत. गाडी आणि दोन माणसे मिळून १,५५० किलो धरा. ताशी १०० वरून शून्यावर येताना सुमारे ६ लाख ज्यूल उष्णता होते. २०० वरून चौपट, सुमारे २४ लाख. आता पसरणी घाट घ्या. पाचगणी सुमारे १,३०० मीटरवर, वाई सुमारे ७०० वर. उतरताना ९१ लाख ज्यूल कुठेतरी जिरवायचे. शंभरवरून पंधरा वेळा करकचून थांबण्याइतके हे झाले. ऐकून घाम फुटतो. पण हे वीसेक मिनिटांत विभागले जाते, म्हणजे सरासरी साडेसात किलोवॅट, न्हाणीघरातले चार गिझर समजा. गिअर खालचा ठेवला तर त्यातलाही बराच वाटा इंजिन खाते.

ट्रॅकवर २०० वरून ८० वर यायला चारेक सेकंद लागतात आणि त्यात २० लाख ज्यूल. पाचशे किलोवॅट, अर्थात अडीचशे गिझर. आणि एका फेरीत असे दोन-तीनदा, फेरीमागून फेरी. हवेचा अडथळा यात धरलेला नाही, कोणी हिशेब काढून माझी उत्तरपत्रिका तपासणार असेल तर आधीच सांगतो.

सबब घाटासाठी सहा लाख देऊ नयेत. ट्रॅकसाठी द्यावेत की काय ते ट्रॅकवाल्यांनी सांगावे.

मृण्मयी_बा | रविवार, दुपारी १२.२०

काका, हिशेब चोख आहे, पण गाडी घेणारा फक्त थांबायचं अंतर विकत घेत नाही.

माझ्या ९११ ला पिवळे आहेत, नवीच तशी घेतली. अलॉय कधी काळे पडत नाहीत. बिडाच्या डिस्कवाल्या गाडीला दर आठवड्याला ती काळी राख पुसत बसावं लागतं. जुलैत गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली तरी डिस्कवर गंज नाही. नवऱ्याची गाडी एका रात्रीत तांबूस होते आणि सकाळी गेटपर्यंत खर्रर्र करत जाते. आणि घाट उतरून खाली आल्यावर पेडल वरच्यासारखंच असतं, तितकंच घट्ट, तितकंच लवकर धरणारं. हे गिझरमध्ये मोजता येत नाही.

तोटेही सांगते. थंडीत सकाळी बेसमेंटमधून निघताना कधीकधी असं किंचाळतात की वॉचमन वळून बघतो. आणि मुसळधार पावसात हायवेवर बराच वेळ ब्रेक लावला नसेल तर पहिल्या दाबाला क्षणभर पाणी झटकतात. म्हणून मी मधूनमधून पाय हलका टेकवून ठेवते. सवय होते.

रस्त्यावर वापरणाऱ्याने सिरॅमिक घ्यावं आणि ट्रॅकवाल्याने बिड, असं माझं मत आहे. जाहिराती बरोबर उलटं सांगतात.

ट्रॅकवेडा | रविवार, दुपारी २.४८

ताईंच्या शेवटच्या ओळीला +१००.

जाहिरातीत सिरॅमिक म्हटलं की ट्रॅक दाखवतात. पण कोइमतूरच्या पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या लावतात तिथे) जाऊन बघा. पिवळे कॅलिपर असलेल्या किती गाड्यांत मालकांनी बिडाच्या डिस्क घातल्यात ते दिसेल. कारण सोपं आहे. सिरॅमिक डिस्क झिजते कमी, जळते जास्त. चारपाचशे अंशांच्या पुढे हवेतल्या ऑक्सिजनशी तिच्यातला कार्बन जळायला लागतो. घाटात तेवढं तापमान टिकून राहत नाही, म्हणून रस्त्यावर डिस्क गाडीइतकी टिकू शकते. ट्रॅकवर मात्र प्रत्येक सेशनमध्ये थोडी थोडी धुरात जाते. जाडी मोजलीत तर जवळपास तेवढीच. कमी होतं ते वजन. म्हणून डिस्कच्या मधल्या टोपीवर कमीत कमी वजन ग्रॅममध्ये कोरलेलं असतं. डिस्क काढायची, काट्यावर ठेवायची, शिक्क्याच्या खाली गेली की संपली.

मग नवी घ्यायची. अमेरिकेत २०२० च्या केमन जीटी४ वर हा ऑप्शन ८,००० डॉलरचा होता, तेही कारखान्यातून निघताना. इथे सुटी डिस्क मागवा, त्यावर आयात शुल्क, जीएसटी, मग आकडा बायकोसमोर मोठ्याने वाचायचा नाही. त्यामुळे ट्रॅकवाले काय करतात, सिरॅमिक काढून खोक्यात घालतात, त्याच मापाच्या बिडाच्या डिस्क आणि त्यांचे पॅड (डिस्कवर घासणारे ठोकळे) लावतात, गाडी विकताना सिरॅमिक परत चढवतात. दोन्हींचे पॅड वेगळे असतात, एकाचे दुसऱ्याला चालत नाहीत.

पौडरोडकर, तुमच्यासाठी डिस्कपेक्षा ब्रेक ऑइल महत्त्वाचं, आणि त्याबद्दल कोणीच विचारत नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ प्रतीचं ऑइल कोरडं असताना २३० अंशांच्या खाली उकळता कामा नये, पण पाणी मुरल्यावर ही हद्द १५५ वर येते. कोकणात उतरून येणारी, पावसात भिजणारी गाडी म्हटली की पाणी मुरणारच. त्यात वाफ झाली की पेडल स्पंजसारखं खाली जातं, मग डिस्क कसलीही असो. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापलेत. पेडलच मऊ झालं तर ऑइल उकळलंय. दोन्हींत फरक कळणं हे सहा लाखांपेक्षा जास्त कामाचं. दर दोन वर्षांनी बदला, ट्रॅकच्या आधी तर बदलाच. मोट्युलचं आरबीएफ ६०० कोरडं असताना ३१२ अंशांपर्यंत टिकतं. अर्थात ते लवकर लवकर बदलावं लागतं.

लोणावळा_लोकल | रविवार, दुपारी ३.१५

ट्रॅकवेडाभाऊ, हे नवले पुलाच्या ट्रकवाल्यांना कोणीतरी समजावा. कात्रजच्या नव्या बोगद्यातून निघाले की डिझेल वाचवायला न्यूट्रल करतात, खाली येईपर्यंत ब्रेक गेलेला.

नारायणपेठी | रविवार, दुपारी ३.४०

तेच म्हणतो. इंजिनाचा ब्रेक फुकट असताना तो काढून टाकणे आणि सगळी उष्णता ड्रमवर सोडणे. यांना नववीतच नापास करायला हवे होते. पौडरोडकर, तुमच्या पीडीकेत उतारावर हाताने दुसरा गिअर ठेवत जा, डिस्क कोणतीही असो.

भोसरी_टायर | रविवार, रात्री ८.३०

नमस्कार मंडळी. आमचं टायर-अलाइनमेंटचं दुकान आहे भोसरीत. मोठ्या गाड्याही येतात अधूनमधून. शिकलेल्या लोकांनी सगळं सांगितलंच, एक गोष्ट राहिली ती सांगतो.

साध्या बऱ्याच गाड्यांना हबमधून स्टड बाहेर आलेले असतात. नट काढले तरी चाक त्यावर लटकून राहतं. या पोर्शेला तसं नसतं, बोल्ट असतात. पाचही बोल्ट काढले की चाकाला धरायला काहीच नाही. टायरसकट वजनदार चाक, पोरगं खाली उकिडवं बसलेलं, एक हात वर एक हात खाली. चाक जरा तिरकं झालं की रिमची आतली कड जाऊन डिस्कच्या कडेवर आदळते. बिडाच्या डिस्कला ओरखडा येतो, कोणी बघतही नाही. सिरॅमिकची कपची उडते. आणि नखाएवढी का होईना, कपची उडाली की शोरूमवाला डिस्क बदला म्हणतो. वर साहेबांनी टणक म्हणजे चिवट नाही लिहिलंय ना, ते हेच.

यासाठी कंपनी गाडीबरोबर लांब पिना देते. दोन बोल्ट काढायचे, त्या भोकांत पिना फिरवून बसवायच्या, मग बाकीचे तीन काढायचे. चाक पिनांवरून सरळ बाहेर येतं, सरळ आत जातं. जुन्या गाड्यांच्या टूलकिटमध्ये या पिना सापडत नाहीत, कुठेतरी पडलेल्या असतात. मी लेथवाल्याकडून दोन करून घेतल्यात, वर नायलॉनची नळी चढवलीय. पोरांना सांगून ठेवलंय, पिवळा कॅलिपर दिसला की गन बाजूला ठेवायची आणि मला हाक मारायची.

आता विचार करा, पंक्चर काय माझ्या दारात होणार आहे का? ताम्हिणीत होणार. या गाडीत स्टेपनी नसते, फवाऱ्याची बाटली आणि पंप असतो. टायर कडेने फाटला की ते काही कामाचं नाही. मग मुळशी नाहीतर पौडचा पंक्चरवाला. माणूस चांगला असेल, पण त्याच्याकडे पिना नसणार.

अजून एक. अलॉय चमकवायला ते ॲसिडवालं केमिकल मारतात ना, ते सिरॅमिकवर मारू देऊ नका. साधं पाणी नि शॅम्पू बास.

मृण्मयी_बा | रविवार, रात्री ८.५२

दादा, पिनांचं वाचून आत्ता खाली जाऊन टूलकिट उघडून बघितलं. आहेत. धन्यवाद, आज झोप लागेल.

पौडरोडकर | रविवार, रात्री ९.३०

सगळ्यांचे आभार. काकांचं वाचून लाल पटते, ताईंचं वाचून पिवळी. पावसाळ्यात उभी राहणारी गाडी आहे, त्यामुळे गंजाचा मुद्दा मला लागू पडतो.

मधला काही पर्याय नाही का?

बीडकाम | रविवार, रात्री १०.०५

आहे, पण तुमच्या गाडीला नाही. पोर्शेनेच २०१७ मध्ये नव्या केयेनबरोबर आणला. बिडाचीच डिस्क, वर टंगस्टन कार्बाइडचा थर. कॅलिपर पांढरे. कंपनीचा दावा की राख ९० टक्के कमी आणि आयुष्य ३० टक्के जास्त. डिस्क आरशासारखी चकचकीत दिसते. युरोपात युरो ७ मध्ये ब्रेकच्या धुळीवरही मर्यादा येतेय, त्यामुळे अशा थर दिलेल्या बिडाच्या डिस्क हळूहळू साध्या गाड्यांतही दिसतील.

गंजाचं म्हणाल तर वरवरचा गंज दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो. त्रास कधी होतो, तर गाडी धुऊन ओल्या डिस्कनेच महिनाभर झाकून ठेवली की. पॅड डिस्कला चिकटतात आणि तेवढाच ठसा उमटतो, मग ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरतं. लोक म्हणतात डिस्क वाकडी झाली. धुतल्यावर एक चक्कर मारून डिस्क कोरड्या करा आणि मग कव्हर घाला.

पण मी दुसऱ्याच कारणासाठी लिहितोय. तुमचा पिवळीचा तिसरा फोटो मोठा करून बघितला. मागच्या चाकाच्या फटीतून डिस्कची बाहेरची कड दिसते. ती मला तांबूस वाटतेय. उजेडाचा खेळ असू शकतो. सिरॅमिकची घासणारी रिंग गंजत नाही, आणि जवळून बघितली तर तिच्यावर धाग्यांची नक्षी दिसते, ग्रॅनाइटच्या फरशीसारखी ठिपक्याठिपक्यांची. बिडावर नुसत्या गोल रेघा असतात.

पुढच्या वेळी जाताना फ्रिजवरचं चुंबक खिशात टाका. चाकाच्या आऱ्यांमधून बोट घालून डिस्कच्या घासणाऱ्या भागाला लावा. मधल्या टोपीला नको, तिचा धातू वेगळा असतो. गाडी थंड असताना, नाहीतर बोटाला चटका बसेल. सिरॅमिकला चिकटणार नाही.

अल्टोवाला | रविवार, रात्री १०.११

पॉपकॉर्न संपले. अजून आणतो.

पौडरोडकर | बुधवार, रात्री ७.५०

चिकटलं.

चारही चाकांना. मुलीच्या शाळेच्या सहलीचं, गणपतीपुळ्याचं चुंबक आहे ते. पुढच्या डाव्या डिस्कला टक् करून बसलं, आणि एजंट म्हणाला, "सर, हे काय करताय?" मी म्हटलं देवदर्शन.

एजंटला खरंच काही माहीत नव्हतं असं वाटलं. त्याने समोरच मालकाला फोन लावला. मालक शांतपणे म्हणाले, "हो, मी ट्रॅकसाठी बिडाच्या घातल्या होत्या. सिरॅमिक घरी खोक्यात आहेत, पॅडसकट. गाडीबरोबर देणारच होतो, मला वाटलं तुम्हाला सांगितलंय." माणूस सरळ वाटला. ऐकून रागही आला नाही.

आता प्रश्न बदलला. खोक्यातल्या डिस्कचं काय करायचं?

ट्रॅकवेडा | बुधवार, रात्री ८.१५

वजन करायचं, दुसरं काय! मालकाने कधी काढल्या ते महत्त्वाचं. नव्या असतानाच काढल्या असतील तर कोऱ्या असतील. थोडे ट्रॅक डे करून महाग पडतंय म्हणून काढल्या असतील तर पुढच्या दोन हलक्या झालेल्या असणार. ब्रेकचं बहुतेक काम पुढची चाकंच करतात.

भोसरी_टायर | बुधवार, रात्री ८.४०

माझ्याकडे या साहेब खोकं घेऊन. भंगार मोजायचा काटा आहे पण इलेक्ट्रॉनिक आहे, दर वर्षी शिक्का मारून घेतो. डिस्क गोणपाटावर ठेवू, फरशीवर नको. आणि गाडीत आणताना एकीवर एक रचू नका, मध्ये जुनी चादर घाला.

पौडरोडकर | रविवार, संध्याकाळी ६.१५

झालं वजन. मालक स्वतः आले खोकं घेऊन. भोसरीच्या दादांनी चहा पाजला, काटा आधी पाच किलोच्या वजनाने तपासून दाखवला.

जवळून पहिल्यांदाच बघितल्या. हातात घेतली तेव्हा दचकलो, एवढी मोठी थाळी आणि एवढी हलकी. मागच्या दोन्ही शिक्क्याच्या बऱ्याच वर. पुढची डावी जेमतेम वर. पुढची उजवी खाली, फार नाही, पण खाली. तिच्या पृष्ठभागावर काही ठिकाणी खडबडीत चट्टे आहेत, बोट फिरवलं की सँडपेपरसारखे लागतात. दादा म्हणाले इथेच जळलीय.

मालकांनी सहा लाखांचा हट्ट लगेच सोडला. लालच्याच भावात देतो म्हणाले, खोकं वर.

मृण्मयी_बा | रविवार, संध्याकाळी ६.४०

घ्या मग! बिडाच्या डिस्कवर चालवा, मागच्या दोन सिरॅमिक चांगल्या आहेत, कधी पुढची जोडी मिळाली तर पूर्ण सेट होईल.

ट्रॅकवेडा | रविवार, संध्याकाळी ७.०५

मीही घ्या म्हणतो. ट्रॅकवर नेणारा मालक गाडीची निगा जास्त राखतो. काटा बघायला स्वतः येणारा माणूस रोज भेटत नाही.

नारायणपेठी | रविवार, संध्याकाळी ७.३०

असहमत. एक जोडी डिस्क जाळण्याइतकी जी गाडी चालली, तिचे टायर, बेअरिंग, क्लच काय शीतपेय पीत बसले होते? ज्या खोक्याला आज किंमत नाही ते माळ्यावर ठेवण्यासाठी घेऊ नये. पुण्यात माळ्याला चौरस फुटाचा भाव आहे.

पौडरोडकर | सोमवार, सकाळी ८.१०

रात्रभर विचार केला. काकांचं ऐकतोय, लाल घेतोय. तिचे कॅलिपर, डिस्क, चाकं, सगळं जसं कारखान्यातून आलं तसंच आहे, सर्व्हिसची नोंद एकाच ठिकाणची. वाचलेल्या पैशांत चांगले टायर टाकेन, आणि कोइमतूर खरंच जमलं तर ट्रॅकचे पॅड. तोवर पाचगणी आहेच.

पिवळीच्या मालकांना तसं कळवलं. त्यांनी वाईट वाटून घेतलं नाही. पुढच्या ट्रॅक डेला चला म्हणाले.

लोणावळा_लोकल | सोमवार, सकाळी ८.३२

अभिनंदन! त्यांना ती जळकी उजवी डिस्क विचारा ना, मला भिंतीवरचं घड्याळ करायचंय. अवांतर: रविवारी पाचगणीला जाताना कुठे थांबता नाश्त्याला?

ट्रॅकवेडा | सोमवार, सकाळी ९.००

अभिनंदन. लाल गाडीचं ब्रेक ऑइल शेवटचं कधी बदललंय ते बघितलंत का?

पौडरोडकर | सोमवार, सकाळी ९.२०

आत्ता सर्व्हिस बुक उघडून बघितलं. चार वर्षांपूर्वी.

भोसरी_टायर | सोमवार, सकाळी ९.२६

मग घाट-बिट काही नाही, आधी इकडे घेऊन या. ऑइल तुम्ही आणा, सीलबंद डबा, उघडलेला नको. हवा काढायला चारही चाकं उतरवावी लागतील, अर्धा दिवस धरून चला. गुरुवारी दुकान बंद असतं.